हरवलेलें मुखत्यारपत्र आणि वृद्ध आईबाप

(ज्युबिली महोत्सवानिमित्त भरलेल्या धर्मग्रामाच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं आपल्या पूर्वजांच्या श्रद्धेचें, त्यांनीं उभारलेल्या मंदिराचें व त्यांच्या त्यागाचें स्मरण करणें उचितच आहे. आणि तें काम आमच्याहून अधिक अधिकारी वक्त्यांनीं या सभेंत केलेंच आहे. चालकांनीं आमच्याकडे जो विषय सोंपविला आहे, तो प्रथम ऐकतांना रुक्ष वाटेल. वृद्ध आईबापांनीं करून दिलेलें मुखत्यारपत्र घरांत सांपडेनासें झालें म्हणजे काय करावें, हा तो विषय होय. परंतु ज्यांनीं आपलें बोट धरून आपणांस या मंदिराची पायरी चढविली, त्यांच्या उतारवयांत त्यांच्या पैशाअडक्याची, घरादाराची व औषधपाण्याची व्यवस्था नीट लावणें, हें चवथ्या आज्ञेच्या पालनाचेंच एक अंग आहे. आईबापांचा सन्मान केवळ शब्दांनीं होत नाहीं. कधीं कधीं तो कचेरीच्या बांकावर ताटकळत बसूनही करावा लागतो.

आपल्या वसईच्या किनाऱ्यावरील गांवांची आजची स्थिति आपण जाणतां. एके काळीं बाप, मुलगे व नातवंडें एकाच वाडींत राबत, आणि घरांतला व्यवहार ओटीवर बसून तोंडीं होई. आज एक मुलगा आखाती देशांत, दुसरा कॅनडांत, मुलगी सासरीं, आणि जुन्या घरांत दोन म्हातारीं माणसें, अशी अनेक घरांची स्थिति झाली आहे. परदेशीं जाण्यापूर्वीं मुलगा आईबापांकडून एखाद्या भावाच्या, पुतण्याच्या किंवा जांवयाच्या नांवें मुखत्यारपत्र करवून घेतो. तो कागद पत्र्याच्या पेटींत, लग्नाच्या साडीखालीं जाऊन पडतो. दहा-पंधरा वर्षांनीं वडील अंथरुणाला खिळले आणि बँकेनें मूळ कागद मागितला, कीं सगळ्या घराची धांवाधांव सुरू होते. पेटी उपसली जाते, फडताळें रिकामीं होतात, आणि कागद मिळाला नाहीं म्हणजे त्याच्या जागीं संशय येऊन बसतो. "त्यानेंच लपविला असेल," असे शब्द तोंडांतून निघतात. हरवलेल्या कागदाची नक्कल मिळूं शकते. भावाभावांतील हरवलेल्या विश्वासाची नक्कल कोणतीही कचेरी देत नाहीं. म्हणूनच हा विषय आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

प्रथम मुखत्यारपत्र म्हणजे काय, तें थोडक्यांत पाहूं. एका मनुष्यानें आपल्या वतीनें कांहीं कामें करण्याचा दुसऱ्यास दिलेला लेखी अधिकार, म्हणजे मुखत्यारपत्र. तो अधिकार एखाद्या ठराविक कामापुरता असेल तर त्यास खास मुखत्यारपत्र म्हणतात. अनेक कामांचा असेल तर कुलमुखत्यारपत्र म्हणतात. या विषयाचा आपल्या देशांतील स्वतंत्र कायदा १८८२ सालचा आहे. मुखत्यार हा मालकाचा हात आहे, मालक नव्हे. जमिनीचें कुलमुखत्यारपत्र हातीं आलें म्हणजे जमीन आपली झाली, अशी समजूत आपल्या भागांत पुष्कळ वर्षें होती. तिला सर्वोच्च न्यायालयानें ११ ऑक्टोबर २०११ रोजीं स्पष्ट उत्तर दिलें आहे, कीं केवळ मुखत्यारपत्रानें स्थावर मिळकतीची मालकी बदलत नाहीं.

आतां कागदाच्या शोधाला लागण्यापूर्वीं एक प्रश्न स्वतःस विचारावा: ज्यांनीं हें मुखत्यारपत्र करून दिलें, ते आज हयात व शुद्धबुद्धीचे आहेत काय? आमच्या सर्व भाषणाचा गाभा या एका प्रश्नांत आहे. १८७२ च्या करार कायद्याचें २०१ वें कलम असें सांगतें, कीं अधिकार देणारा मरण पावला किंवा त्याची बुद्धि विकल झाली, तर त्यानें दिलेला अधिकार संपतो. पुष्कळ भाविकांची समजूत याच्या अगदीं उलट आहे. "वडिलांना पुढेंमागें कांहीं कळेनासें झालें तर उपयोगीं पडेल," म्हणून ते मुखत्यारपत्र करून ठेवतात. परंतु ज्या दिवशीं वडिलांना खरोखरच कळेनासें होतें, त्या दिवशीं तें पत्र कायद्याच्या दृष्टीनें निर्जीव होतें. इंग्लंडांत असें मुखत्यारपत्र करतां येतें, कीं जें देणाऱ्याची बुद्धि गेल्यावरही चालतें; तेथील नातलग त्याविषयीं सांगतात तें खोटें नव्हे. पण तो त्यांचा कायदा. आपला तसा नाहीं. तसेंच मृत्युपत्र व मुखत्यारपत्र यांची गल्लत करूं नये. मृत्युपत्र मरणानंतर जागें होतें. मुखत्यारपत्र मरणाबरोबर कायमचें निजतें.

यावरून तीन स्थिति निघतात. आईबाप हयात व सावध असतील, तर जुना कागद शोधीत महिने घालविण्यापेक्षां नवें मुखत्यारपत्र करणें पुष्कळ सोपें असतें. आईबाप हयात आहेत पण बुद्धि हरपली आहे, तर जुना कागद सांपडूनही पुढील व्यवहारास उपयोगी नाहीं. आणि आईबाप निवर्तले असतील, तर त्या कागदावर एक रुपयाही काढूं नये. तेथें वारसांचा मार्ग सुरू होतो.

मग शोधावयाचें तरी कशाला, असें कोणी विचारील. त्यास तीन कारणें आहेत. पहिलें, त्या पत्राच्या आधारें पूर्वीं झालेले व्यवहार आज सिद्ध करावे लागतात. दुसरें, कोणास कोणता अधिकार दिला होता, हें आईबापांनाही आठवत नसतें. तें वाचल्याशिवाय पुढचें पाऊल टाकणें धोक्याचें. तिसरें, हरवलेला कागद कोणाच्या तरी हातीं असूं शकतो, आणि देणारा हयात असेपर्यंत त्याचा दुरुपयोग होऊं शकतो.

शोध कसा करावा, हें समजण्यास आपल्याच देवळाचें उदाहरण घेऊं. बाप्तिस्म्याचा दाखला हरवला म्हणून कोणी रडत बसत नाहीं. तो धर्मग्रामाच्या कचेरींत जातो, वर्ष व आईबापांचीं नांवें सांगतो, आणि नोंदवहींतून त्यास नवा दाखला मिळतो. कागद हरवतो, नोंद राहते. मुखत्यारपत्राचेंही तसेंच आहे. म्हणून पेटी उपसण्याआधीं विचारावें, कीं या पत्राची नोंद कोणकोणत्या वहींत झाली असेल?

पहिली जागा दुय्यम निबंधकाची, म्हणजे सबरजिस्ट्रारची, कचेरी. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणें तेथें निरनिराळीं पुस्तकें ठेवलेलीं असतात. जमिनीचे दस्त पहिल्या पुस्तकांत जातात, आणि तें कोणासही पाहतां येतें. परंतु ज्या दस्तांचा स्थावर मिळकतीशीं साक्षात् संबंध नाहीं, असे संकीर्ण दस्त चवथ्या पुस्तकांत नोंदले जातात. नोंदलेलें मुखत्यारपत्र सामान्यतः तेथें शोधावें. या पुस्तकांतील नक्कल वाटेल त्यास मिळत नाहीं. ज्यानें दस्त करून दिला त्यास, किंवा त्या दस्तान्वयें हक्क सांगणाऱ्यास, अथवा त्यांच्या प्रतिनिधीस ती मिळते. म्हणजे वडिलांचा हात सही करण्याजोगा आहे, तोंवरच त्यांच्या सहीनें अर्ज करणें शहाणपणाचें. अशी सही-शिक्क्याची नक्कल मूळ दस्तांतील मजकूर सिद्ध करण्यास कायद्यानें ग्राह्य आहे.

येथें दोन अडचणी येतात. एक म्हणजे, असा दस्त पक्षकारांच्या इच्छेप्रमाणें कोणत्याही दुय्यम निबंधकाकडे नोंदतां येतो. वडील नोकरीनिमित्त मुंबईस असतील, तर वसईच्या कचेरींत शोधून तो कसा सांपडावा? म्हणून त्या वर्षीं ते कोठें राहत होते, हें आधीं आठवावें. दुसरी अडचण नांवाची. या पुस्तकाची सूची नांवांवरून चालते, आणि आपल्या लोकांचीं नांवें एका रीतीनें कधींच लिहिलीं गेलीं नाहींत. देवळांत पेद्रू, शाळेंत पीटर. एका कागदावर परेरा, दुसऱ्यावर पेरैरा. कोठें गोन्साल्विस, तर कोठें घोन्सालवीस. स्त्रियांच्या बाबतींत माहेरचें व सासरचें अशीं दोन नांवें. एका रीतीनें शोधून न मिळालें म्हणून नोंदच नाहीं, असें ठरवूं नये. नांवाचीं सर्व रूपें एका कागदावर मांडून तीं एकेक करून पाहावीं. जुन्या कागदावर ठाणें जिल्हा लिहिला असेल तर त्यानेंही गोंधळूं नये. पालघर हा वेगळा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजीं झाला.

दुसरी जागा नोटरीची. केवळ नोटरीच्या शिक्क्याचें मुखत्यारपत्र सबरजिस्ट्रारच्या दप्तरांत मिळणार नाहीं, हें पक्कें लक्षांत ठेवावें. कित्येकांचे हेलपाटे याच अज्ञानामुळें होतात. प्रत्येक नोटरीस आपल्या कामाची नोंदवही ठेवावी लागते. त्या वहींतील अनुक्रमांक, तारीख व सही यांवरून पत्र केव्हां व कोणीं केलें, एवढें तरी कळतें. त्याबरोबर ज्या वकिलानें मसुदा लिहिला त्याचें दप्तर पाहावें. तेथें पुष्कळदां छायाप्रत असते. मुद्रांक विकणाऱ्या परवानेदाराच्या वहींतही कागद घेणाऱ्याचें नांव व तारीख लिहिलेली असते.

तिसरी जागा, जेथें जेथें तें पत्र वापरलें गेलें तेथील दप्तर. बँकेंत मुखत्यारानें खातें चालविलें असेल, तर बँकेनें प्रत ठेवलेली असते. मुखत्यारानें एखादा दस्त नोंदवून दिला असेल, तर त्या दस्तासोबत मुखत्यारपत्राची प्रत जोडलेली असते. सात-बाराच्या उताऱ्यावरील फेरफाराचा क्रमांक पाहून तलाठ्याच्या अगर तहसील कचेरींतील कागद तपासावेत. गृहनिर्माण संस्थेचें दप्तरही विसरूं नये. परदेशांत केलेलें पत्र असेल, तर तें बहुधा तेथील भारतीय वकिलातींत किंवा नोटरीसमोर झालेलें असतें. आणि असा कागद भारतांत आल्यापासून तीन महिन्यांच्या आंत त्यावर येथील मुद्रांक शुल्क भरावें लागतें. तें भरलें असेल, तर मुद्रांक कचेरींतही विचारपूस करावी. क्वचित् एखाद्या सावध गृहस्थानें १८८२ च्या कायद्याच्या चवथ्या कलमाप्रमाणें मूळ पत्र न्यायालयांत जमा केलेलें असतें. तें उच्च न्यायालयांत अगर जिल्हा न्यायालयांत ठेवतां येतें; त्याची वेगळी फाईल असते, आणि मागणाऱ्यास प्रमाणित नक्कल मिळते. ही सोय इतकी जुनी असूनही आपल्यांत फारशी कोणास ठाऊक नाहीं.

एवढें करून घरांतली झडती शेवटीं घ्यावी, आणि ती एकट्यानें घेऊं नये. सर्व भावंडांस कळवून, परदेशीं असणाऱ्यांस दूरध्वनीवर हजर ठेवून, आईबापांच्या डोळ्यांसमोर पेटी उघडावी. जे जे कागद निघतील त्यांची यादी करावी, आणि सर्वांस पाठवावी. म्हाताऱ्या माणसाच्या नकळत त्याची पेटी उघडणें, हा त्याच्या मानाचा भंग आहे. मग हेतु कितीही चांगला असो.

इतकें करूनही पत्र न मिळाल्यास काय? आईबाप सावध असतील, तर पोलीस चौकींत कागद गहाळ झाल्याची नोंद करावी, आणि जुनें मुखत्यारपत्र लेखी रद्द करावें. तें नोंदलेलें असेल तर रद्दपत्रही नोंदवावें. पण रद्दपत्र लिहून पेटींत ठेवलें म्हणजे काम झालें, असें नव्हे. कायदा असा आहे, कीं अधिकार काढल्याचें मुखत्यारास कळेपर्यंत तो त्याच्यापुरता संपत नाहीं, आणि इतरांस कळेपर्यंत तो त्यांच्यापुरता संपत नाहीं. म्हणून मुखत्यारास पोंचपावतीचें पत्र धाडावें, बँकेस कळवावें, आणि मिळकत मोठी असेल तर वृत्तपत्रांत जाहीर सूचना द्यावी. मुखत्यारास त्या मिळकतींत स्वतःचाच हितसंबंध दिलेला असेल, जसें जमीन विकसित करणाऱ्या बांधकाम व्यावसायिकांच्या बाबतींत घडतें, तर तें पत्र असें सहज रद्द होत नाहीं; तेथें वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय एक अक्षरही लिहूं नये.

आतां नवें पत्र करण्याविषयीं. "आईला विसरायला होतें, आतां तिची सही चालेल काय?" असा प्रश्न आम्हांस अनेकदां विचारला जातो. विसराळूपणा म्हणजे बुद्धिविकलता नव्हे. ज्या क्षणीं सही होते, त्या क्षणीं व्यवहार काय आहे व त्याचा आपल्या हितावर काय परिणाम होईल हें समजण्याची शक्ति असली, म्हणजे कायद्यास पुरे. एरवीं भ्रम होणारा मनुष्यही मध्येंच पूर्ण सावध असतां करार करूं शकतो. मात्र अशा वेळीं त्याच दिवशींचा डॉक्टरांचा दाखला घ्यावा, मजकूर आपल्या मराठींत मोठ्यानें वाचून दाखवावा, आणि लाभ होणाऱ्या मुलास त्या खोलीबाहेर बसवावें. कचेरींत जाण्याची शक्ति नसेल, तर अर्ज केल्यावर नोंदणी अधिकारी घरीं येऊं शकतो. आजाऱ्यासाठीं कायद्यानें तशी सोय ठेवलेली आहे. पत्रांत "सर्व अधिकार" असें मोघम न लिहितां, कोणतें खातें, कोणती मिळकत, कोणतीं कामें, हें एकेक करून लिहावें. घर विकण्याचा अधिकार औषधपाण्याच्या कामासाठीं लागत नाहीं.

पुष्कळदां मुखत्यारपत्राची गरजच नसते, हेंही सांगितलें पाहिजे. हात कांपत असल्यानें सही जुळत नसेल, तर अंगठ्याच्या ठशावर बँकेंतून पैसे काढतां येतात. त्यास दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात, व त्यांपैकीं एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. अंगठाही उठत नसेल, तर पायाच्या अंगठ्याचा ठसा किंवा नुसती खूणही त्याच रीतीनें चालते. ७० वर्षांवरील खातेदारांस घरपोंच सेवा देण्याविषयीं रिझर्व्ह बँकेनें २०१७ सालीं बँकांस सूचना दिलेल्या आहेत. विश्वासाच्या मुलाचें अगर मुलीचें नांव खात्यावर जोडून ठेवणें, हा तर सर्वांत साधा उपाय.

आणि बुद्धि पूर्ण हरपली असेल तर? त्या स्थितींत आईच्या अंगठ्यास शाई लावून तो कागदावर दाबणारे हात आपल्या समाजांत नाहींत, असें म्हणण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. तो ठसा आईचा नव्हे, दाबणाऱ्याचा आहे. तें कृत्य कायद्याविरुद्ध आहे, आणि कबुलीजबाबाच्या वेळीं उच्चारावें असें पाप आहे. अशा वेळीं सरळ मार्ग न्यायालयाचा. बेशुद्धावस्थेंत पडलेल्या रोग्यास पालक नेमण्याविषयीं स्पष्ट कायदा नसल्यामुळें केरळ उच्च न्यायालयानें २०१९ सालीं त्यासंबंधीं नियम घालून दिले. मुंबई उच्च न्यायालयानेंही अशा रोग्यांच्या व बुद्धि हरपलेल्या वृद्धांच्या नातलगांस पालक नेमलें आहे. हा मार्ग खर्चाचा व वेळाचा आहे, यांत शंका नाहीं. पण त्यांत हिशेब द्यावा लागतो, आणि ज्यास बोलतां येत नाहीं त्याचें रक्षण त्या हिशेबानेंच होतें.

बंधुभगिनींनो, तहान लागल्यावर विहीर खणूं नये, ही म्हण आपल्या बागायती गांवांस नव्यानें सांगावयास नको. कागद हरवणें हें मोठें संकट नव्हे. आईबापांची वाचा व समज हरवण्यापूर्वीं त्यांस विचारावयाचें राहून जाणें, हें मोठें संकट होय. त्यांस काय हवें आहे, कोणावर त्यांचा विश्वास आहे, घराचें व वाडीचें काय व्हावें असें त्यांस वाटतें, हें आज ते सांगूं शकतात. उद्यां त्यांच्या वतीनें शेकडों कागद बोलतील, पण त्यांचा आवाज त्यांत नसेल.

म्हणून या ज्युबिली वर्षांत प्रत्येक कुटुंबानें एक सायंकाळ राखून ठेवावी, अशी आमची नम्र विनंति आहे. जपमाळेची प्रार्थना झाल्यावर आईबापांजवळ बसावें, त्यांच्या संमतीनें पेटी उघडावी, यादी करावी, आणि मुखत्यारपत्र असेल तर त्याची तारीख, नोंदणीचा क्रमांक, कचेरीचें नांव व मुखत्याराचें नांव एका वहींत लिहून त्या वहीच्या प्रती सर्व मुलांस द्याव्या. मुलींस वगळूं नये. एवढें केलें, तर कागद कोठेंही गेला तरी त्याची नोंद आपणांस सांपडेल, आणि भावांस एकमेकांकडे संशयानें पाहण्याची वेळ येणार नाहीं.

 परमेश्वर आपल्या घरांतील वृद्धांस सुखाचें व सन्मानाचें उतारवय देवो, आणि त्यांच्या मुलांस एकदिलानें त्यांची सेवा करण्याची बुद्धि देवो, एवढी प्रार्थना करून आम्ही आपलें भाषण पुरें करतों.